बिनमुंगीचं रान

गाडी सुरू व्हायला अजून वेळ आहे. ड्रायव्हर आणि मेकॅनिक दोघंही बॉनेटखाली डोकं घालून बसलेत, आणि अहमदपूरच्या स्टँडवरची वीज मघाशीच गेली. या, इकडे कंदिलापाशी बसा. कंदील चहावाल्याचा आहे, तो काही बोलणार नाही.

चहा पिताना मी थोडी साखर पुडीत बांधून खिशात टाकली, ते तुम्ही बघितलंत. बघितलं नसल्यासारखं केलंत, पण बघितलंत. आयुष्य माणसांच्या हातांकडे बघण्यात गेलंय साहेब, कंडक्टर आहे मी. घरी साखर नाही अशातला भाग नाही. कशाला लागते ते सांगतो. अंधार पडायला आलाय, दुसरं तरी काय करणार आहोत?

माझं नाव वैजनाथ. लातूर-नांदेड गाडीवर असतो. आधीच सांगून ठेवतो, मी जळका माणूस आहे. बायको फोनवर माहेरच्यांशी जरा जास्त हसली तरी माझ्या पोटात दुखतं. पुनम दिसायला देखणी, बोलायला मोकळी, आणि मी दिवसभर गाडीत तिकिटं फाडतोय. दुकानदाराने तिला ताजी कोथिंबीर दिली की मी ती जुडी उलटसुलट करून बघतो. हसा, हसा. लोक म्हणतात संशय वाईट. असेल वाईट. माझा तरी स्वभाव तसाच आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही लातुरात गावकुसाला घर घेतलं होतं, भाड्याने. घराच्या मागे एक मोठी पडीक जागा. कंपाउंडची भिंत एका बाजूने ढासळलेली, आत रुई आणि विलायती बाभळी माजलेल्या. मालकाचा पत्ता कुणालाच नव्हता. पूर्वी तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी होती, एवढं मात्र वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारचे लालमहंमदचाचा तरुणपणी त्याच भट्टीवर कामाला होते. पुढे त्यांनी शेळ्या घेतल्या. त्या शेळ्या कुठेही तोंड घालायच्या, लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांतसुद्धा. पण त्या भिंतीपाशी आल्या की मान वळवून दुसऱ्या बाजूने जायच्या.

दसरा झाल्यावर पुनमने भिंतीच्या खिंडारातून आत जाऊन एक तुकडा साफ केला. पालक लावला, मेथी लावली, अंबाडी टाकली. भाजी अशी आली की बघत राहावं. हिरवीगार, रुंद पानं, आणि एकाही पानाला भोक नाही. अळी नाही, मावा नाही, औषध मारायची गरजच नाही. पुनम दिवसातून चार वेळा जाऊन पानांवरून हात फिरवून यायची. शिळं पाणी नको म्हणून ताजं भरून न्यायची. मला मात्र संध्याकाळी गरम चहा मिळायचा बंद झाला. पालकाचा राग येणारा नवरा तुम्ही कधी बघितला नसेल. आज बघून घ्या.

त्याच सुमारास कळलं, तिला दिवस गेलेत, दुसरा महिना संपत आलाय. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आम्ही दोघांनीही आशा सोडत आणली होती. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या आनंदातही एक बारीक काटा होता. आता ही आणखी कुणाची तरी होणार.

मग आली येळवस. तुम्ही लातूरकडचे दिसत नाही, म्हणून सांगतो. वेळा अमावस्येला आमच्याकडे गाव ओस पडतं, सगळी माणसं रानात. कडब्याची छोटी खोपटी उभी करायची, तिला कोप म्हणतात. आत पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे. डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, मडकंभर अंबील. त्या दिवसांत रानातली भुई पोटुशी असते असं आम्ही मानतो. तिचे डोहाळे पुरवायचे, ओटी भरायची, आणि घरधन्याने 'ओलगे, ओलगे' म्हणत रानाभोवती अंबील शिंपडत फिरायचं. ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या रानात जेवायला जातो.

आम्हाला रान नाही. दरवर्षी चुलतभावाच्या, अमरेशच्या रानात जायचो. तिथे अमरेशची बायको 'आमचं रान, आमची विहीर' करून पुनमला टोचायची. आणि अमरेश पुनमच्या ताटात खीर जरा जास्तच वाढायचा. ते तिला दिसत नव्हतं, मला दिसायचं.

"अवंदा कुनाच्या रानात जायचं न्हाई," पुनम म्हणाली. "आपलं रान हाय की मागं."

"ते आपलं कुटं हाय?"

"पेरलं कुनी? पानी घातलं कुनी? मग आपलंच."

मी लगेच हो म्हणालो. अमरेशच्या खिरीतून सुटका होती ना. कडब्याच्या पेंढ्या गाडीच्या टपावर टाकून आणल्या, सकाळी कोप उभी केली. पुनम हिरवं लुगडं नेसून आली, हातात परडी. लालमहंमदचाचा भिंतीच्या पलीकडेच उभे राहिले.

"काय करून राहिला बेटा?"

"येळवस, चाचा. या, जेवायला या."

"जेवतो. पन तुझ्या घरी जेवतो. हितं नको."

"का वो?"

चाचांनी आवाज खाली आणला. "हिच्यात कुनी ऱ्हात न्हाई रे. गांडूळ न्हाई, वाळवी न्हाई, मुंगी न्हाई. तेजाब, शिशाची राख, समदं आमीच हिच्या पोटात वतलं... आता तू हिला जेवू घालायलास. भुकेल्याला येकदा वाढलं का मग..."

 चाचांनी हातातल्या काठीने शेळ्या वळवल्या आणि ते गेले. मी म्हटलं, म्हातारा उगीच आपल्या सणात खोडा घालतोय.

मी अंबील घेऊन फिरलो. एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. अंबील पडली की माती ती झटकन पिऊन टाकायची, अगदी तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा आवाज करून. पण तिचा पांढरा डाग मात्र जसाच्या तसा राहायचा. कोपीत पुनमने जमिनीची ओटी भरली. खण ठेवला, तांदूळ घातले, नारळ ठेवला. मग मूठभर तांदूळ स्वतःच्या पदरात घेतले आणि हसली.

"आमचं दोघींचं संगंच भरलं बघा."

मला ते 'दोघींचं' आवडलं नाही.

त्या दिवसापासून पुनम बदलली. दुसऱ्याला वाटलं असतं, गरोदर बाई आहे, होतं असं. पण मी तिच्याकडे दुसऱ्यासारखं कधी बघितलंच नव्हतं. मी घरी आलो की दार उघडायला वेळ लागायचा. आली की परकराच्या काठाला करडी धूळ. ओठांवरही तीच, पुसलेली पण पुरती न गेलेली. जेवायला बसली की दोन घास खाऊन ताट सरकवायची. रंग उतरत चाललेला, हातापायाच्या काड्या होत चाललेल्या, आणि चेहऱ्यावर मात्र समाधान. पोट भरलेल्या माणसाचं असतं तसं समाधान. रात्री कुशीवर वळून ती खिडकीकडे तोंड करून निजायची. खिडकीच्या मागे ती जागा.

"काय बघायलीस?"

"काय न्हाई वो. निजा."

आता माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात काय येणार? एवढ्या उंच रुई, पडकी भिंत, आत आडोशाला कोप. भर दुपारी वस्तीत चिटपाखरू नसतं. मी लातूरपासून नांदेडपर्यंत तिकिटं फाडायचो आणि प्रत्येक थांब्यावर मनात नवा माणूस उभा करायचो. कधी दूधवाला, कधी वरच्या आळीतला तो मिशीवाला, कधी तर अमरेशच. चाचांना आडून आडून विचारलं.

"कोन जातं का वो तिकडं?"

चाचांनी काठी भिंतीकडे केली. "मानूस? न्हाई. मानूस असता तर बरं झालं असतं."

शिवरात्रीच्या आसपासची गोष्ट. उन्हं तापायला लागली होती. त्या दिवशी माझी परतीची फेरी रद्द झाली आणि मी भर दुपारी घरी आलो. दाराला बाहेरून कडी. घरात चूल थंड. मी चपला हातात घेतल्या आणि अनवाणी खिंडारापाशी गेलो.

आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा कान दडपल्यासारखे झाले. बाहेर चिमण्यांचा गलका होता, कुठेतरी मोटर चालू होती, आणि भिंतीच्या आत काही म्हणजे काही नाही. रातकिड्याची किरकिर नाही, माशी घोंगावत नाही. वास होता. जुनं नाणं तोंडात धरल्यावर येतो तो वास, आणि त्याच्यात किंचित गोडवा. पुनमची पायवाट सोडली तर बाजूला पाचोळ्याचा थर गुडघ्याला टेकेल एवढा. मी पाय घातला तसे त्याचे थर सुटत गेले. वरचा पाला यंदाचा, खालचा मागच्या सालचा, त्याखालचा त्याच्याही आधीचा, आणि एकही पान कुजलेलं नाही. शिरा न् शिरा शाबूत. एका दगडाच्या आडोशाला टिटवीची अंडी होती. पक्षीण कधीच सोडून गेली असणार, त्यावर धूळ बसली होती. एक उचललं तर हलकं, गार. फुटलं नव्हतं, सडलंही नव्हतं.

येळवशीला मी शिंपडलेल्या अंबिलीचे पांढरे डाग अजून तिथेच होते. मधे एकदा अवकाळी पाऊस चांगला धोधो पडून गेला होता, तरीही. आणि आमच्या पावलांचे ठसे. माझ्या चपलेचा ठसा, टाचेला झिजलेला, मी ओळखला. पुनमच्या अनवाणी पावलांचे, शेजारी शेजारी, एकावर एक. ही जागा हाती आलेलं काही सोडत नव्हती. मुंगीला देत नव्हती, किड्याला देत नव्हती, पावसालाही देत नव्हती. मला एकदम ओळखीचं वाटलं ते. माझाच स्वभाव.

कोपीतून पुनमचा आवाज आला. हळू, लाडात. माझ्याशी ती त्या आवाजात लग्नाच्या पहिल्या वर्षी बोलायची.

"...त्यास्नी नगं सांगू. त्यास्नी न्हाई आवडायचं..."

मग ती हसली. आणि तिच्या मागोमाग आणखी एक हसू आलं. बारीक, दबलेलं, आणि ते कोपीतून नाही आलं साहेब. ते खालून आलं. माझ्या तळपायांना जाणवलं.

मी रागाने आंधळा झालो होतो, म्हणूनच आत शिरलो. भानावर असतो तर पळालो असतो. कोपीत पुनम एकटीच, मांडी घालून बसलेली. पुढ्यात पाच दगड, त्यांच्यावर येळवशीचा झेंडूचा हार, त्याच दिवशी ओवल्यासारखा पिवळाधमक. पत्रावळीवरची भज्जी तशीच. बुरशी नाही, माशी नाही, मुंगी नाही. पुनमने पुढची माती बोटांनी उकरून खड्डा केला होता, आणि चिमटीचिमटीने ती माती खात होती.

"कोन व्हतं हितं?" मी ओरडलो. "कुनासंगं बोलत व्हतीस?"

ती दचकलीही नाही. जमिनीवर तळहात ठेवून तिने थोपटलं. पोटावर थोपटतात ना पोराला निजवताना, अगदी तसं.

"हिच्यासंगं."

"कोन ही?"

"हिला कुनीच न्हाई वो... मुंगीसुदिक न्हाई. येळवशीला आपुन जेवू घातलं, तवापासून माझ्यावर लई जीव हाय हिचा." तिने करडी चिमूट माझ्यापुढे धरली. "खाऊन बगा. गोड लागती."

मी ती खाल्ली. का खाल्ली, विचारू नका. हिला एवढं काय आवडलंय ते मला कळायला हवं होतं. जिभेवर ठेवली आणि खरंच गोड. गूळ नाही, साखर नाही, निराळीच गोडी. मागून ओठ बधिर झाले. आणि मला जाणवलं की कुणीतरी माझ्याकडे बघतंय. मी पुनमभोवती फिरणाऱ्या माणसांकडे बघतो ना, त्याच नजरेने.

"ऊठ," मी म्हटलं. "ऊठ, घरी चल."

"ती नगं म्हंती..."

मी तिला उचललं. हलकी झाली होती, त्या अंड्यासारखी. खिंडाराकडे वळलो आणि तेव्हा मला ते दिसलं.

पुनमच्या पावलांच्या रांगा भिंतीपासून कोपीपर्यंत गेल्या होत्या. येळवशीची रांग अंबिलीच्या डागांजवळची, ती मला ओळखू आली. त्या रांगेत तिची एकटीची पावलं. नंतरच्या रांगांमध्ये तिच्या डाव्या पावलाला लागून आणखी पावलं होती. इवली, माझ्या अंगठ्याएवढी. पुढच्या रांगेत जरा मोठी. त्यापुढच्या रांगेत बोटं उमटलेली, टाच नीट रोवलेली. आईचं बोट धरून चालावं तशी. आणि ती सगळी आत जाणारी होती. पुनमची पावलं बाहेर आलेली दिसत होती. ती छोटी पावलं एकदाही बाहेर आलेली नव्हती.

पुनमला सहावा संपत आला होता तेव्हा. पोटातलं पोर अजून पोटातच होतं.

मी मागे वळून बघितलं नाही. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. माझ्यावर डाफरल्या त्या, आणि बरोबरच डाफरल्या. रक्तात शिसं सापडलं. बायका गरोदरपणात माती खातात, म्हणाल्या, पण भट्टीच्या जागेवरची माती, तिथली भाजी? ते विष आईच्या रक्तातून पोराला जातं. उपचार सुरू झाले. मी लातूर सोडलं. नांदेडला बदली मागून घेतली, स्टेशनापलीकडे खोली बघितली. सामान भरताना लालमहंमदचाचा मदतीला आले होते. टेम्पो निघताना त्यांनी एवढंच विचारलं.

"समदं घेतलं ना बेटा? काय ऱ्हायलं तर न्हाई मागं?"

मी म्हटलं, सगळं घेतलं.

वैशाखात मुलगी झाली. शिवांगी नाव ठेवलं. वजनाला कमी, पण धडधाकट. तिचंही रक्त तपासलं, पुढे पुन्हा तपासलं. शिसं उतरत गेलं. डॉक्टर म्हणाले, आता काळजीचं कारण नाही. पुनमच्या अंगावर मांस आलं. ती आता माझ्याकडे तोंड करून निजते, चहा गरम देते. माझं माणूस मला परत मिळालं, असं मी चारचौघांत सांगतो.

पण बारशाला बायका पाळण्यात वाकून बघायच्या आणि ठरलेला प्रश्न विचारायच्या, कुणावर गेली गं? नाक पुनमचं, म्हणायच्या. कपाळ आजीचं. मी कोपऱ्यात उभा राहून वाट बघत होतो, कुणीतरी म्हणेल, बापावर गेली. कुणी म्हणालं नाही. मी रात्ररात्र आरशात बघायचो आणि मग तिच्याकडे बघायचो. पुनमला ते कळलं.

"तुमचीच हाय वो," ती म्हणाली. "आनखी कुनाची असनार?"

माझ्यासारख्या माणसाला हे वाक्य पुरायला हवं होतं. कारण दुसरा पुरुष नव्हताच, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

नांदेडच्या त्या खोलीत मुंग्यांचा सुळसुळाट आहे. साखरेच्या डब्याला, पिठाला, माझ्या जेवणाच्या डब्याला, सगळीकडे मुंग्या. एकदा पुनमकडून पाळण्याखाली दूध सांडलं. पुसायचं राहून गेलं. सकाळी बघितलं तर चुलीपासून भिंतीकडे मुंग्यांची रांग चाललेली, सरळ, दुधाच्या दिशेने. पाळण्यापासून हातभर अंतरावर ती रांग वळली होती. पाळण्याला पुरा वळसा घालून पलीकडे निघून गेली होती. दूध तसंच होतं. नासलंही नव्हतं.

शेजारणी कौतुक करतात. किती गुणाची पोर, म्हणतात, डास चावत नाही, माशी बसत नाही.

आता ती धरून धरून चालायला लागली आहे. मी पायाखाली राख पसरून तिचे ठसे बघितले, इवले, टाच नीट रोवलेली. मी ते आधी बघितलेले आहेत. पुनम तिला निजवताना हळूच थोपटते आणि त्या जुन्या, लाडाच्या आवाजात काहीतरी बोलते. मी दाराशी आलो की दोघी गप्प होतात.

ते बघा, गाडी सुरू झाली. चला, बसून घ्या, तुमची जागा खिडकीची आहे. मी घरी पोचेन तोवर पोरगी निजलेली असेल. तिच्या पाळण्याभोवती मी रोज ही साखर पसरतो आणि बसून राहतो. एक मुंगी आली तरी मला पुरे. पोरगी माझी आहे, एवढं मला कळेल. अजून एकही मुंगी आलेली नाही.